बिडाचा तवा, लोखंडी कढई: गंज काढून पुन्हा वापरात आणलेल्या भांड्यांचे अनुभव

अबोली
काल शेजारच्या घरातून तापलेल्या तव्यावर कांदा फिरवल्याचा वास आला आणि आजीचं देवरुखचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर उभं राहिलं. ती वांग्याचं देठ तेलात बुडवून तव्यावर फिरवायची. वांगं नसेल त्या दिवशी अर्धा कांदा.

आजी गेल्यावर घर दोन वर्षं बंद होतं. यंदा मे महिन्यात गेलो तर पडवीतल्या फळीवर गोणपाटात गुंडाळलेला तिचा बिडाचा तवा सापडला. बोट फिरवलं की विटकरी पूड हाताला. काका म्हणाला, भंगारात टाक. मी पिशवीत घालून पुण्याला आणला.

पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं निम्मं, त्यात अर्धा तास ठेवला. रात्रभर ठेवायचा नाही, गंज संपला की आंबट पाणी लोखंडच खायला लागतं. मग काथ्या आणि जाडं मीठ घेऊन घासला. खालून करडा धातू दिसल्यावर इतका आनंद झाला! पण धुऊन पुसेपर्यंत परत लाली चढली. दुसऱ्या खेपेला गॅस पेटवून आणि तेल हाताशी घेऊनच धुतला. तेल लावायचं आणि जुन्या पंचाने पुसून काढायचं, बोटाला ओशट लागेल एवढंच उरू द्यायचं. मग धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचा. असं सहा वेळा केलं.

पहिली चार घावनं चिकटली. पाचव्याची कड आपोआप उचलली. आईला फोन लावून नुसता चुर्र आवाज ऐकवला. ती काही बोललीच नाही बराच वेळ.

तुमच्याकडच्या जुन्या भांड्यांचं लिहा ना.

पडवी
तेल कोणतं घेतलंस ते सांग आधी. मी शेंगदाण्याचं लावलं, तवा चिकट झालाय, धूळ बसतेय वर. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

अबोली
@पडवी शेंगदाण्याचं चालतं, मीही तेच घेतलं. तुझा थर जाड झाला असणार. तेल भाजून कोरडं झालं नाही की चिकटतं. तवा उपडा ठेवून परत कडक तापव, खिडक्या उघड्या ठेव.

ओतकाम
शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत २६ वर्षं काढली, म्हणून लिहितो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. पोलादात त्याहून पुष्कळ कमी. बिडात तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो, म्हणून बीड वाकत नाही, सरळ तुटतं. तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीही ओतू नका.

आमच्या आईचा तवा धाकट्या मुलीने गॅसवरून काढून थेट नळाखाली धरला. ठण्ण. दोन तुकडे. पोरगी रडायला लागली, आई तिलाच जवळ घेऊन बसली. मी तुकडे कारखान्यात नेले. बिडाला आधी सगळीकडून तापवून निकेलच्या रॉडने जोडतात, यंत्राच्या भागांना ते चालूनही जातं. तवा मात्र रोज तापणार, रोज निवणार. तिसऱ्या दिवशी सांध्याच्या शेजारीच नवा तडा गेला. गंज कितीही असू दे, निघतो. तडा गेला की इलाज नाही. जुना तवा घेताना बोटाने वाजवून बघा, खणखणीत वाजला तर घ्या. बद्द वाजला तर ठेवा खाली.

रानजाई
मुलीला जवळ घेतलं हे वाचून डोळ्यांत पाणी आलं हो दादा.

सातवी वाटी
सासूबाईंचं बिडाचं आप्पेपात्र. सात वाट्या. कडेच्या एका वाटीतला आप्पा कायम चिकटायचा, तुटायचा. तो त्या गुपचूप स्वतःच्या ताटलीत घ्यायच्या. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं.

त्या गेल्या आणि पात्र मागे पडलं, गंजलं. यंदा काढलं. व्हिनेगर नाही वापरलं, भाताच्या पेजेत तीन दिवस बुडवलं, रोज पेज बदलली. मग नारळाच्या शेंडीने घासून तेल. वाट्यांच्या तळाशी तेल साचतं, ते बोटाला फडकं गुंडाळून टिपून घ्यावं लागतं, प्रत्येक वाटीतलं. आता ती वाटीही सुटते. मी तरी त्यातला आप्पा माझ्याच ताटलीत घेते.

भटकी
ओहायो. गराज सेलमध्ये पाच डॉलरला जुना स्किलेट (दांड्याचा बिडाचा खोलगट तवा) मिळाला, वर काळा खडबडीत थर. कॉस्टिकवाला ओव्हन क्लीनर मारून प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवस बांधून ठेवला (हातमोजे घालाच) आणि धुतल्यावर मागे अक्षरं उमटली, ग्रिसवॉल्ड, एरी. पेनसिल्व्हेनियातला तो कारखाना १९५७ मध्ये बंद झाला! म्हणजे माझ्या बाबांपेक्षा जुना.

पहिल्यांदा सगळ्यांचं ऐकून जवसाचं तेल लावलं. दिसायला सुंदर, पण सहा महिन्यांत पापुद्रे सुटून थालीपिठाला काळे कण लागायला लागले. परत सगळं काढलं. आता साधं कनोला, ओव्हनमध्ये २३० अंशांना तासभर उपडा. थालीपीठ मधल्या भोकातून तेल सोडून असं खरपूस होतं की मुलगा तिसरं मागतो.

रानजाई
अबोली, घावन की आंबोळी? देवरुखला तुम्ही पीठ आंबवता का?

अबोली
घावनच. तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, लगेच तव्यावर. आंबोळीला उडीद-मेथी घालून रात्रभर आंबवायचं.

माडाखाली
आमच्या मालवणात त्या तव्याला नुसतं बिडं म्हणतात. बिड्यावरचा घावन आणि नारळाचो रस. मुंबईत बसून वाचतंय आणि भूक लागली.

हिरवी मिरची
डॉक्टरांनी हिमोग्लोबिन कमी सांगितल्यावर आईची लोखंडी कढई काढली. बिडाची नाही, पत्र्याची आहे, चालेल ना इथे? पालेभाजी छान होते. एकदा चिंचेचं वांगं केलं आणि कढईतच ठेवलं, संध्याकाळी काळं ठिक्कर आणि जिभेला लोखंड. तेलाचा थरही गेला, परत पहिल्यापासून. आता भाजी शिजली की लगेच स्टीलच्या पातेल्यात.

वाडा
मी विकली. आजीचा तवा, पळी, खलबत्ता, सगळं किलोच्या भावाने, घर रिकामं करायची घाई होती. हा धागा वाचून पोटात तुटलं.

अबोली
@वाडा नको ना असं. घर रिकामं करताना माणूस भानावर नसतो, मी पाहिलंय. तुझ्या आजीच्या हातचं काय आठवतं ते लिही.

वाडा
नाचणीची धिरडी. कडेला लसणीचा ठेचा.

पडवी
आले परत. उपडा ठेवून तापवला, घरभर धूर, नवरा गॅलरीत जाऊन उभा राहिला. पण चिकटपणा गेला! हात फिरवला तर कोरडा, गुळगुळीत. @वाडा धिरड्यांत ताक घालायच्या का आजी? उद्या सकाळी करतेय.