दात पांढरे करून घ्यायचे: क्लिनिकमध्ये की ट्रेने घरी?

चहाबाज: चहाने पिवळट झालेले दात, त्यात पुढच्या एका दाताला सिरॅमिकची कॅप. एका बैठकीतलं ब्लीचिंग चांगलं की घरी ट्रे (दातांच्या मापाचा पातळ प्लास्टिकचा साचा) लावून? कॅपचाही रंग उजळतो का?

दंतू: कॅप आणि फिलिंग उजळत नाहीत, फक्त खरा दात उजळतो. म्हणून आधी ब्लीचिंग, मग दोन आठवडे थांबून नव्या शेडची कॅप. लगेच कॅप लावायची घाई नडते: दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे बाँडिंग, म्हणजे कॅपची चिकटवण, नीट धरत नाही.

आणि ब्लीचिंगआधी स्केलिंग-पॉलिशिंग (डॉक्टरांकडून दातांची सफाई) करा. चहा-तंबाखूचे वरवरचे डाग त्यातच जातात. बऱ्याच जणांचं काम तिथेच भागतं.

मुळाक्षर: क्लिनिकमध्ये साधारण ३५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल, १५-१५ मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या. त्याआधी हिरड्यांवर रेझिनचा थर लावून लाइटने घट्ट करतात. तो कुठे उचकटला तर हिरडी पांढरी पडून चुरचुरते. बहुधा एक-दोन दिवसांत बरी होते. दात उजळवायला वर धरतात त्या निळ्या दिव्याचा फारसा उपयोग नाही, काम जेलच करतं.

घरच्या ट्रेत १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. दर दातामागे पुढच्या बाजूला टिपूसभर, रात्रभर, दोन आठवडे. वेळ लागतो, पण ठणका कमी. माझं मत ट्रेलाच.

दंतू: ठणकलं तर एक रात्र ट्रे लावू नका, पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट वापरा. कीड किंवा उघडी मुळं असतील तर आधी ती बघून घ्या. एकच दात काळवंडलेला असेल तर प्रकरण वेगळं, एक्स-रे काढा.