तुमच्या बाहुलीनं पहिलं काय म्हटलं? घरच्या बाहुल्यांचे अनुभव

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी गल्लीतली आठ-नऊ पोरं रोज दुपारी जमायची. मी हौसेनं खडेबाजारातून सामान आणलं: रंगीत फेल्ट, हलत्या बुबुळांचे डोळे, लोकरीचे गोंडे, चमकी, फेविकॉलच्या बाटल्या. संध्याकाळपर्यंत चमकी फरशीवर, डोळे फ्रिजवर आणि दाराच्या कडीवर, आणि बाहुली एकसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ते सगळं उचलून ठेवलं आणि कपाटातले जोडी हरवलेले मोजे बाहेर काढले.

मोज्याची बाहुली सगळ्यात सोपी, पण तिथंही एक चूक मी चार वेळा केली. डोळे आधी लावायचे नाहीत. मोजा टेबलावर पसरून डोळे चिकटवले की हातात घातल्यावर ते टाळूवर जातात आणि बाहुली सारखी छताकडं बघत बसते. आधी मोजा हातात घाला, चार बोटं वर, अंगठा खाली. मधला भाग आत दाबला की तोंड झालं. तिला दोन-चार वाक्यं बोलायला लावा, ती कुणाकडं बघतेय ते पाहा आणि मग खडूनं डोळ्यांची खूण करा. तोंडात बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा गोल कापून, मधोमध दुमडून बसवला तर जबडा नीट मिटतो.

या पोरांत एक सहा वर्षांचा मुलगा होता. घरी कन्नड. आमच्याकडं आला की सगळं ऐकायचा, समजायचं पण सगळं, बोलायचा मात्र काही नाही. त्यानं करड्या मोज्याला एकच डोळा लावला आणि दोन दिवस तो हातात घालून नुसता बसला. तिसऱ्या दिवशी त्याचा मोजा माझ्या मोज्याजवळ आला आणि म्हणाला, "निन्न जोडी एल्ली?" तुझी जोडी कुठाय? मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग सगळ्या मोज्यांना हाच प्रश्न पडला आणि पुढचा आठवडाभर आमच्याकडं हरवलेल्या जोड्यांचा शोध चालला, अर्धा मराठीत, अर्धा कन्नडमध्ये. तो मुलगा त्यात सगळ्यांत पुढं.

म्हणून हा धागा. तुम्ही कशाची बाहुली केली, काय फसलं, आणि ती पहिल्यांदा काय बोलली, एवढं सविस्तर लिहा.

*

वडगावहून, विणकराच्या घरातली सून

ताई, आमच्या घरी मोजे कोण घालतंय! पण सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळायचे शंकू, मात्र ढिगानं. माग चालतो त्या घरात रिकामे कोन म्हणजे नुसती अडगळ. माझ्या थोरल्या मुलानं एक दिवस त्यातनं काठी घातली आणि वर चिंधीचं डोकं बांधलं. काठी खाली ओढली की डोकं कोनात गडप, वर ढकलली की बाहेर. मग आम्ही ते नीट केलं.

कोनाला टोकाशी भोक असतंय, पण खेळ दाखवायला कोन उलटा धरायचा, रुंद तोंड वर. बांबूची बोटभर जाड काठी त्या भोकातनं खाली काढायची. उदबत्तीची काडी घेतली तर मोडते, आम्ही मोडून बघितली. डोक्याला चिंध्यांचा गोळा, वरनं पांढऱ्या कापडाचा तुकडा ताणून मानेशी दोऱ्यानं आवळायचा. झगा साडीच्या उरलेल्या काठाचा. झग्याचं वरचं टोक मानेला आणि खालचा घेर कोनाच्या रुंद कडेला चिकटवायचा. घेर सैल ठेवा, नाहीतर काठी वर जात नाही. आमचा पहिला झगा त्यामुळंच फाटला. मागावरचं तुटकं सूत केसांना लागलं. लाल, जांभळं, जरीचं सुद्धा. एवढे झकास केस बाजारातल्या बाहुलीला नसतात, हे मी खरंच सांगते.

तुम्ही विचारलं ती काय बोलली. ती काही बोललीच नाही. आमच्याकडं दिवसभर मागांची खटखट असते, चार हातांवरच्या माणसाला ऐकू जात नाही. घरातली सगळी माणसं हातानं आणि ओठानं बोलतात. सासरे तर नुसत्या भुवईनं चहा मागतात. त्यामुळं पोरांच्या बाहुल्याही तशाच. "हो" म्हणजे दोनदा वर, "नाही" म्हणजे काठी बोटात घोळवून डोकं गरगर, राग आला म्हणजे सरळ आत. शुक्रवारी वीज गेली, माग थांबले, एकदम सगळं शांत झालं आणि धाकटी घाबरून म्हणाली, "आता हिला आवाज काढायला लागंल!" आणि बाहुली घेऊन पळाली.

*

जांबोटीच्या बाजूची एक शिक्षिका

लगद्याची बाहुली कुणी करणार असाल तर माझं ऐका, आमच्या भागात पावसाळ्यात करू नका. खानापूरच्या पश्चिमेला जुलैत ऊन असं दिसतच नाही. मला हे माहीत असून मी शाळेत जुलैतच काढलं, कारण पाठ्यक्रमात हस्तकला त्याच महिन्यात होती.

वर्तमानपत्राचे बारीक तुकडे रात्रभर भिजवले, सकाळी चुरून, पिळून घेतले. त्यात भिजवून वाटलेली मेथी घातली. आमच्या आज्या कागदाच्या टोपल्या करताना मेथी घालायच्या, तिच्या चिकटपणानं लगदा छान धरतो. मुलांनी नाकं, कान, गाल काढले. पुठ्ठ्याची बोटभर नळी मानेला, म्हणजे पुढं त्यात बोट घालून डोकं हलवता येतं. सव्वीस डोकी व्हरांड्यात ओळीनं ठेवली. आठव्या दिवशी वरून कोरडी दिसली म्हणून रंग दिला. बाराव्या दिवशी रंगाखालून हिरवी-काळी बुरशी आली. फोडून पाहिलं तर आत ओला गच्च लगदा, वास तर विचारू नका. मुलांचे चेहरे बघवेनात.

चूक माझी होती, मी डोकी भरीव करू दिली. लगद्याचा थर अर्ध्या बोटापेक्षा जाड नको, आत चुरगळलेल्या कागदाचा गोळा हवा. त्याहून सोपं म्हणजे लगदा सोडून द्या. कागदाच्या गोळ्यावर खळीत बुडवलेल्या पट्ट्या लावा, दोन थर लावून वाळू द्या, मग पुढचे दोन. पट्ट्या एकदा आडव्या, एकदा उभ्या.

एका मुलीनं मात्र तिचं डोकं फेकायला नकार दिला. ते घरी नेऊन आजीच्या चुलीवर शिंक्यात टांगलं. तीन आठवड्यांनी परत आणलं तेव्हा ते खडखडीत वाळलेलं, धुरानं काळंभोर, एक गाल थोडा चिरलेला. तिनं तिचं नाव धुरपा ठेवलं. धुरपाचं वर्गातलं पहिलं वाक्य: "मला कुणी उन्हात नेईल का?" ती आजही शाळेच्या कपाटात आहे. नव्या मुलांना मी आधी तिची ओळख करून देते.

*

संकेश्वरहून

माझी मुलगी दोन वर्षांची आहे. सगळं तोंडात घालते. गोंद, बटण, मणी, काहीच देता येत नाही. मग काय करावं?

*

धागा काढणारी

ताई, तीन वर्षांच्या आतल्या मुलांना बटण, मणी, हलते डोळे नकोतच. घशात अडकतात. डोळे दोऱ्यानं टाके घालून काढा, ते ओढून निघत नाहीत. चिकटवायला मैद्याची खळ. एक वाटी पाण्यात दोन चमचे मैदा कालवून, ढवळत मंद आचेवर शिजवा, पारदर्शक व्हायला लागली की उतरवा. दोन दिवसांत संपवा. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची. ते विषारी आहे, मुलांच्या कामात अजिबात घालू नका. आणि खरं सांगू? दोन वर्षांच्या मुलीला बाहुली करायची गरजच नाही. रुमालाला एक गाठ मारा, बोटात अडकवा, तेवढ्यानं ती तासभर रमेल.

*

सांबऱ्याजवळच्या एका गावातून

माझे मालक सैन्यात आहेत. मागच्या सुट्टीत त्यांचा हिरवट लोकरीचा एक मोजा घरी राहिला. जाड, गुडघ्यापर्यंतचा. मुलीनं (वय ७) त्याचीच बाहुली केली. तिच्या कोपराच्याही वर जातो. उन्हाळ्यात हाताला घाम येतो तरी काढत नाही.

त्यांच्याकडं रेंज नीट नसते, व्हिडिओ उघडत नाही, नुसता आवाज जातो. तरी ती मोजा घालूनच फोनवर बसते. "बाबा, तो आता मान हलवतोय. आता तो तुमच्याकडं बघतोय. आता तोंड उघडलं." पलीकडून ते म्हणतात, "दिसला, दिसला." मोजा पहिल्यांदा बोलला ते हेच होतं, जे ते रोज तिला विचारतात: "जेवलास का?"

*

टिळकवाडीतले आजोबा, बँकेतून निवृत्त

मी सावल्यांच्या बाहुल्यांबद्दल लिहितो. चार वर्षांपूर्वी आंबोलीमार्गे सावंतवाडीला गेलो होतो, तिथून पुढं कुडाळजवळ पिंगुळीला गेलो. तिथल्या ठाकर समाजानं चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या अशा तिन्ही कला जपल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आपल्या कर्नाटकातही चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आहे, तोगलु गोंबेयाट. तिथं कातडं इतकं पातळ करतात की त्यातून उजेड आरपार जातो, म्हणून पडद्यावर सावली काळी न पडता रंगीत पडते. मला हे पाहून राहवेना.

घरी कातडं कुठलं. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा घेतला. आकृती कापली, डोळा, अंगावरचे पट्टे, दागिने कोरून भोकं केली आणि मागून रंगीत जिलेटिन कागद चिकटवला. सांध्याला दोन्ही तुकड्यांना टाचणीनं भोक पाडून दोरा ओवायचा आणि दोन्ही बाजूंनी गाठ. गाठ फार घट्ट मारली तर हात हलत नाही, सैल मारली तर लोंबतो. नातवानं आणि मी एका पायासाठी नऊ गाठी मारल्या. पडदा म्हणजे माझं जुनं धोतर, दाराच्या चौकटीला खिळ्यांनी ताणलेलं. मागे टेबललॅम्प, मध्ये मुलं.

शेजारच्या कन्नड घरातली मुलगी नातवाच्या वर्गात आहे. तिला इथली प्रत्येक मुलाला पाठ असलेली गाईची गोष्ट करायची होती. वाघ गाईला अडवतो, गाय वासराला पाजून परत येईन असा शब्द देते आणि खरंच परत येते. माझा नातू वाघ, ती गाय आणि वासरू दोन्ही. नातवाला वाघ मोठा हवा म्हणून तो आकृती दिव्याकडं नेत गेला. दिव्याच्या जितकं जवळ तितकी सावली मोठी, हे त्याला सापडलं. पण मोठी होता होता ती पुसट झाली, पट्टे विरघळले, धोतरभर नुसता करडा ढग. पुढं बसलेली आमची सौ. विचारते, "वाघ कुठं गेला?" तेव्हा ती मुलगी वासराला पुढं करून वाघाला म्हणाली, "हत्तिर बा, हत्तिर बा." जवळ ये. वाघ पडद्याजवळ आला, लहान झाला, एकेक पट्टा पिवळाधमक दिसायला लागला. गोष्टीत वासरू वाघाला असं बोलवत नाही. त्या दिवशी बोलवलं, आणि मला ते फार आवडलं. दोघांनी पुढच्या खेळातही ते तसंच ठेवलं आहे.

*

निपाणीहून

सगळं वाचलं आणि आईची आठवण आली, म्हणजे आई आहे, पण तेव्हाच्या आईची.

आमची आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. मजुरी हजारावर मिळायची, त्यामुळं हात कधी रिकामा नाही. पत्र्याचा साचा ठेवून पान कातरलं की कडेची कातरण उरायची. तिची आम्ही बाहुली करायला जायचो. ओली असताना पान हवं तसं वळतं, वाळलं की चुरा. संध्याकाळी केलेली बाहुली सकाळी झाडूनं भरायची. आणि आई ओरडायची, तंबाखूचा हात डोळ्याला लावू नका.

मग थोरल्या बहिणीनं वाकळ शिवताना उरलेल्या चिंध्यांच्या बोटाएवढ्या टोप्या शिवल्या. धावदोरा घालून एका बाजूनं बंद, आणि वर काजळाचे डोळे. त्या आमच्या बोटात सैल व्हायच्या. आईच्या बोटांत घालणार कशा, ती तर कामात. पण आई पाय पसरून बसायची. बहिणीनं त्या टोप्या आईच्या पायाच्या बोटांत घातल्या. उजव्या पायात पाच, डाव्यात पाच. वर हात विड्या वळतायत, मान खाली, आणि खाली अंगठा करंगळीशी भांडतोय. उजव्या पायाचा अंगठा सासू, बाकीच्या सुना. आई मान वर न करता दोघींचे आवाज काढायची. एकदा सासू म्हणाली, "मोज की गं, किती झाल्या?" आणि सगळ्या सुना एकदम वाकल्या. आम्ही हसून लोळलो. आई तेव्हासुद्धा मोजतच होती.

आता आईचे हात थरथरतात, विड्या कधीच सुटल्या. काल हा धागा वाचून मी माझ्या जुन्या ओढणीच्या पाच टोप्या शिवल्या. नातीनं पणजीच्या पायाजवळ बसून एकेक चढवली. बराच वेळ काहीच झालं नाही. आई त्यांच्याकडं नुसती बघत राहिली. मग अंगठा हळूच मागं झाला, आणि आई म्हणाली, "एक कमी हाय. सहावी सून कुठं गेली?"

टोप्या पाचच होत्या. पण नात उठून सहावीसाठी चिंधी शोधायला गेली.