क्रोन्समध्ये सोनोग्राफीवर किती विसंबावं?

क्रोन्स म्हणजे आतड्याला सूज आणणारा, दीर्घकाळ चालणारा आजार. त्यात दर वेळी कोलोनोस्कोपीच (गुदद्वारातून दुर्बीण घालून आतड्याची तपासणी) करायला हवी का, सोनोग्राफी चालणार नाही का, असा प्रश्न पडतो. निदान झालेल्या क्रोन्सवर लक्ष ठेवायला पुष्कळदा चालते. आतड्याची भिंत ३ मिलिमीटरपेक्षा जाड दिसली की सुजेचा संशय येतो. डॉपलरवर (सोनोग्राफीतच रक्तप्रवाह दाखवणाऱ्या तंत्रावर) त्याच भिंतीत रक्तप्रवाह वाढलेला दिसला तर हा संशय आणखी बळावतो. लहान आतड्याचं शेवटचं टोक, जिथे क्रोन्स बऱ्याचदा ठाण मांडतो, ते ओटीपोटाच्या उजव्या बाजूला सहसा नीट सापडतं. जुलाबाचं औषध नको, किरणोत्सर्ग नाही. त्यामुळे नवं औषध लागू पडतंय का, हे काही आठवड्यांनी पुन्हा पाहता येतं. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी तर ही फार मोठी सोय आहे.

गुदाशय मात्र पोटावरून नीट दिसत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणारा, क्रोन्ससारखाच दुसरा आजार) तेवढ्याच भागात असेल तर सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून निर्धास्त राहू नका. शिवाय आपल्याकडे आतड्याचा क्षयही (टीबी) अगदी क्रोन्ससारखाच दिसू शकतो, म्हणून पहिल्या निदानाच्या वेळी कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणं) टाळू नका, ही कळकळीची विनंती. आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना आतडं पाहण्याचा सराव आहे का, हे आधीच विचारा. पोटाच्या नेहमीच्या सोनोग्राफीत भिंतीची जाडी मोजतातच असं नाही.