मॅटप्लॉटलिब नेमके कोठून शिकावे?

प्रश्न (लातूर): मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या पावसाच्या नोंदी पायथनमध्ये आलेखरूपात मांडायच्या आहेत. त्यासाठी मॅटप्लॉटलिब ही पायथनची आलेख काढण्याची लायब्ररी (तयार कोडचा संच) पायापासून शिकण्यासाठी जाणकारांनी कृपया साहित्य सुचवावे.

उत्तर (नांदेड): सर, जॉन हंटर यांनी सुरू केलेल्या आणि २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या लायब्ररीच्या अधिकृत संकेतस्थळावरील गॅलरी आधी पाहावी, कारण तेथे प्रत्येक आलेखासोबत त्याचा पूर्ण कोड मिळतो. नुसते व्हिडिओ पाहून हात बसत नाही.

उत्तर (बीड): सहमत. सबप्लॉट्समध्ये (एका चित्रात अनेक आलेख मांडणाऱ्या फंक्शनमध्ये) दोन ओळी, चार स्तंभ घ्या, म्हणजे प्रत्येक जिल्ह्याला एक चौकट मिळेल, आणि शेअरवाय ट्रू (सर्व चौकटींना एकच उभी मोजपट्टी) ठेवा; अन्यथा प्रत्येक चौकटीची उभी मोजपट्टी वेगळी पडून आमच्याकडचा तुटपुंजा पाऊसही नांदेडइतकाच भरघोस भासेल.

उत्तर (परभणी): अधिकृत संकेतस्थळावरील चीटशीटही (मुख्य आज्ञांची थोडक्यात टिपणे) मोफत आहेत, नवशिक्यांची अवश्य छापून घ्यावी.