'व्हेसिकोयुरेटरल रिफ्लक्स'ला मराठी शब्द

प्रश्न : लहान मुलांच्या मूत्रविकारांवर पालकांसाठी माहितीपत्रक लिहीत आहे. मूत्राशयातील लघवी उलट मूत्रपिंडांकडे जाते, त्या विकाराला काय म्हणावे? 'मूत्र-पश्चवहन' सुचले आहे, पण ते पालकांना कळेल का?

उत्तर : 'पश्चवहन' अर्थाने बरोबर आहे, पण घाबरलेल्या आईवडिलांना तो शब्द आधी उलगडून सांगावा लागेल. 'मूत्राचा परतप्रवाह' ऐकताक्षणी कळतो, म्हणून मी तोच सुचवेन. 'लघवी उलटी चढते' हे बोलण्यात चालते. 'लघवीची उलटी' मात्र टाळावे, कारण तिथे वांतीचा अर्थ डोकावतो.

व्याख्येत 'मूत्रपिंडांकडे' हा शब्द जपून वापरावा. मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी, मूत्राशयाच्या भित्तीत तिरकी शिरते आणि मूत्राशय भरला की भित्तीतला तिचा भाग दाबला जाऊन मिटतो. हा भाग जन्मतः आखूड असेल, तर तो पुरता मिटत नाही आणि लघवी मागे फिरते. या विकाराच्या 5 श्रेणी मानतात. पहिलीत लघवी मूत्रवाहिनीतच राहते, मूत्रपिंडापर्यंत पोहोचतही नाही. पाचवीत मूत्रवाहिनी फुगून नागमोडी होते. तेव्हा 'मूत्राशयातून मूत्रवाहिनीत' असेच लिहावे.

'मूत्रनलिका' हा शब्द तर नकोच, कारण काही जण तो मूत्रवाहिनीसाठी वापरतात, तर काही मूत्रमार्गासाठी, म्हणजे मूत्राशयातून लघवी शरीराबाहेर नेणाऱ्या नळीसाठी. तपासणीत मूत्रमार्गातून बारीक नळी घालून मूत्राशयात क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडतात आणि मूल लघवी करत असताना चित्रे घेतात. नळी नेमकी कुठून जाणार, हे पालकांना स्पष्ट कळायलाच हवे.

आणखी एक उत्तर : 'परतप्रवाह' मलाही पटतो. त्याच्या जागी 'लघवी तुंबणे' लिहू नये. तुंबणे म्हणजे वाटेत अडथळा. मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः पडदा असल्यास तुंबणे आणि परतणे दोन्ही घडू शकते, तरी शब्द वेगळेच ठेवावेत.

'परतप्रवाह' म्हणजे 'जंतुसंसर्ग' नव्हे, हेही लिहावे. परतणारी लघवी जंतूंना वर नेते, त्यातून तापासह संसर्ग झाला तर मूत्रपिंडावर व्रण राहू शकतात. म्हणून विनाकारण ताप आल्यास लघवी तपासावी, हे वाक्य ठळक छापावे. सौम्य श्रेणीचा परतप्रवाह पुष्कळ मुलांमध्ये वाढीबरोबर आपोआप थांबतो. त्याला 'कायमचा दोष' म्हणू नये.