मोनीचा अर्धवट किट: इलेक्ट्रिक मोटर बसवावी का?

अर्धवट_किट (ओहायो):
जॉन मॉनेट यांच्या मोनीचा अर्धवट किट मिळतोय. एकआसनी, अ‍ॅल्युमिनियमचं, व्ही-शेपटीचं मोटर ग्लायडर (स्वतःचं इंजिन असलेलं ग्लायडर). पंखांचा पत्रा चिकटवून झालाय, पण मूळचं केएफएम इंजिन नाही, म्हणून इलेक्ट्रिकचा विचार आहे. पंखविस्तार ८.३८ मी., रिकामं वजन ११८ किलो, कमाल २२७, ग्लाइड रेशो २० (इंजिनाविना १ मी. खाली येताना २० मी. पुढे). पॅराशूटसकट माझं वजन ८८ किलो. बॅटरी किती लागेल, कुठे ठेवू? घेण्याआधी काय तपासू?

वॉट_तास:
आधी हिशेब करा. २२७ किलोला २० चा रेशो म्हणजे ओढ साधारण १११ न्यूटन. ताशी १०० किमीला ३.१ किलोवॉट. प्रॉपेलर ७०% आणि मोटर-कंट्रोलर ९०% धरले तर बॅटरीतून ४.९ किलोवॉट. सेकंदाला २ मी. चढायचं तर जवळपास १२ किलोवॉट. म्हणजे ६०० मी. चढायला पाच मिनिटं आणि १ किलोवॉट-तास. वर २० मिनिटं सरळ उड्डाणाला १.६, टॅक्सी-टेकऑफला ०.३. बॅटरी ८०% पर्यंतच वापरा, कारण शेवटी लोडखाली व्होल्टेज कोसळतं, थंडीत तर लवकरच. म्हणून ४ किलोवॉट-तास घ्या. पेटी आणि बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) धरून किलोला १५० वॉट-तास पडले तर २७ किलो.

तुमचं वजन वजा जाता मोटर-बॅटरीसकट सगळ्या विमानाला १३९ किलो उरतात. रंग आणि फिलर जपून वापरा. २० हा रेशोही कागदावरचा आहे. कॅनॉपीच्या फटी आणि थांबलेला प्रॉपेलर तो सहज खाली आणतात.

काटा_तराजू:
बॅटरी सीटमागे ढकलण्याचा मोह टाळा. २७ किलो ६० सेंमी मागे सरकले की गुरुत्वमध्य ७ सेंमी मागे जातो. पंखाचा सरासरी कॉर्ड (पुढून मागे रुंदी) ८३ सेंमी, म्हणजे ८% हून जास्त. सबंध विमान जेमतेम ४.४५ मी. लांब, गुरुत्वमध्यापासून शेपटीचं अंतर कमी, त्यामुळे नाकाचं डोलणं आपोआप दबायला फारसा वाव नाही. मध्य मागे गेलेला असेल तर टेकऑफला स्टिक किंचित जास्त खेचली तरी विमान उसळतं, आणि दुरुस्त करायला गेलं की उसळी वाढत जाते. बॅटरी इंजिनाच्या जागी, फायरवॉलपुढे (इंजिन आणि कॉकपिटमधल्या आगरोधक भिंतीपुढे) बसवा. पेटीचे बोल्ट किती मजबूत हवेत ते पुढच्या दिशेने नऊ-दहा जी (वजनाच्या नऊ-दहा पट जोर) धरून ठरवा. अपघातात ती पायांवर यायला नको.

शेपटीच्या पृष्ठांचं वजन-संतुलन रंग दिल्यानंतरच करा. बिजागरीमागचा रंगाचा थर फ्लटरला (वेगात वाढत जाणाऱ्या घातक थरथरीला) निमंत्रण देतो. स्टिकपासून शेपटीपर्यंतच्या लिंकेजमध्ये हाताला जाणवणारी ढिलाई असेल तर ती आधी काढा.

पत्रा_जोड:
माझ्या मते सौदा ठरतो चिकटवलेल्या जोडांवर. प्रत्येक रिबवरून (पंखातल्या आडव्या फासळीवरून) नाण्याने टकटक करत जा. खणखणीत आवाज यावा, बद्द आला की तिथे खूण करा. मागच्या कडेला आणि रूटजवळ (पंख धडाला जुळतो तिथे) जास्त वेळ द्या, कारण सोलणं कडेपासून सुरू होतं आणि आत शिरलेलं पाणी पत्रा कुजवतं. आधीच्या माणसाने चिकटवताना गोंदाच्या प्रत्येक मिश्रणाचे नमुने राखलेत का, विचारा. नमुना तोडून बघा: दोन्ही पत्र्यांवर गोंद राहिला तर ठीक. एकीकडचा धातू स्वच्छ निघाला तर तेल नीट काढलं नव्हतं किंवा एचिंग (चिकटवण्याआधी पत्र्यावर करायची रासायनिक प्रक्रिया) चुकलं, आणि तोच दोष पंखातही असण्याची शक्यता मोठी. असे पंख मी घेणार नाही. वरून रिव्हेट मारून तो जोड वाचत नाही.

अर्धवट_किट:
नोंदणी ग्लायडर म्हणूनच होईल ना?

काटा_तराजू:
गृहीत धरू नका. पॉवर्ड ग्लायडरच्या टाइप सर्टिफिकेशनसाठी (कारखान्याच्या मॉडेलच्या मंजुरीसाठी) एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाचा, निकष आहे: वजन भागिले पंखविस्ताराचा वर्ग, ३ किलो प्रति चौ. मी.पर्यंत. मोनी पूर्ण वजनाला ३.२३ येते, ३ मध्ये बसायचं तर २१० किलोच्या आत राहावं लागेल. तुमचं विमान अ‍ॅमेच्युअर-बिल्ट (हौशी माणसाने बांधलेलं), म्हणून ते कोणत्या प्रकारात घेतील हे तपासनिसाला आधी लेखी विचारा. आधीच्या बांधणाऱ्याचं लॉग आणि फोटो किटसोबतच ताब्यात घ्या. ५१ टक्क्यांच्या नियमात (अर्ध्याहून जास्त काम हौशींनी केलेलं हवं) त्याचं हौशी काम मोजलं जातं, पण पुरावा असेल तरच.