पटावर नुसतं नाव घालू का? (घरी शिकणारा मुलगा आणि शाळाबाह्य सर्वेक्षण)

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी. सोमवारपर्यंत गुरुजींना उत्तर द्यायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुणं सोडून वाई तालुक्यात सासरच्या गावी राहायला आलो. मुलगा आता साडेआठ वर्षांचा आहे. पुण्यात पहिलीचं अर्धं वर्ष तो शाळेत गेला. अक्षरं त्याला उशिरा लागली. ‘द’ आणि ‘ढ’मध्ये गोंधळ व्हायचा, वही लाल शेऱ्यांनी भरून यायची आणि रविवारी दिवेलागणीला त्याचं पोट दुखायला लागायचं. डॉक्टरांना दोनदा दाखवलं, काही निघालं नाही. शेवटी दाखला काढला आणि घरीच शिकवायचं ठरवलं.

आता तो वाचतो, आपणहून वाचतो. होळीच्या सुमारास आमची हळद शिजवून अंगणात पसरली, तेव्हा त्याने एक वही घातली. एका टोपलीत पाच किलो हळद वेगळी काढून ठेवली आणि रोज संध्याकाळी ताणकाट्याला लावून तारखेपुढे वजन लिहायचा. पंधराव्या दिवशी जेमतेम किलोभर उरली. पाचातला एक भाग म्हणजे काय, हे त्याला त्या टोपलीत कळलं. हे कौतुक म्हणून सांगत नाही, पुढे या वहीचा संबंध येतो.

गेल्या गुरुवारी गावच्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी आणि अंगणवाडीच्या ताई घरी आल्या. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण चालू आहे. नाव, वय, आधार सगळं लिहून झालं आणि ‘कारण’ या रकान्यापाशी गुरुजींचं पेन थांबलं. स्थलांतर, घरकाम, लहान भावंडं सांभाळणं, आजारपण, पालकांची उदासीनता. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. “ताई, यातलं काय लिहू? आईवडील घरी शिकवतात असं कुठं बसतच नाही.” मी हळदीची वही दाखवली. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली, मधली एक वजाबाकी चुकली होती ती पेन्सिलने गोल करून मुलाला दाखवली. मग हळूच म्हणाले, “आपला पट एकोणीस आहे. विसाच्या आत पट असलेल्या शाळा बंद करायचं काय चाललंय ते तुम्हाला माहीतच आहे. नाव तेवढं घाला. हजेरीचं मी बघतो. परीक्षेला आणा म्हणजे झालं.”

त्यांनी दमदाटी केली नाही. चहा घेऊन गेले. गावातली शाळा टिकावी म्हणून माणूस धडपडतोय हे मला दिसतं, म्हणूनच नाही म्हणणं जड जातंय. सासरे म्हणतात नाव घाल, शाळा टिकेल. नवरा म्हणतो कशावरही सही करू नको, पुन्हा आले तर दार उघडू नको. मला दोन्ही पटत नाही. नाव घालू का? आणि खरं ते लिहून दिलं तर आमच्यावर काही कारवाई होऊ शकते का?

पेठेतला बाबा

ताई, आधी कारवाईचं सांगतो म्हणजे झोप लागेल. आम्ही दोघी मुलींना अकरा वर्षं घरी शिकवतोय, हे सगळं आमचं घोकून झालंय.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं कलम १० म्हणतं. पण ते न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात ना दंड आहे ना शिक्षा. दंड आहे तो मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्याला. एक लाखापर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. हे नीट ध्यानात ठेवा, कारण घरी शिकवणारी चार कुटुंबं एकत्र आली, बाई नेमली, फी ठरवली, की ती शाळा होते. आमच्या गटात एकाने उत्साहाने हॉलवर पाटी लावली होती. त्याच संध्याकाळी उतरवायला लावली.

घरी शिकवण्याचा उल्लेख त्या कायद्यात कुठेच नाही. बंदी नाही तशी परवानगीही नाही. ही अधांतरी अवस्था मला मनापासून सलते. पण गुरुजींच्या जागी उभं राहून बघा. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं ही कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी केली आहे. ते दारात येणारच.

मिस्टरांना सांगा, दार लावू नका. लावलेल्या दारामागे काय चाललंय याचा तर्क लोक स्वतःच करतात. एक पत्र लिहा, दोन पानांचं. मूल कोण, दाखला कधी काढला, काय शिकतंय, कोण शिकवतंय. सोबत दाखल्याची आणि लसीकरणाच्या कार्डाची प्रत, त्या हळदीच्या वहीची चार पानं. केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

दहावीची चिंता आतापासून नको. एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, चौदाव्या वर्षी दहावीला बसता येतं, आमची मोठी तशीच झाली. मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण तुम्हाला लोक देतील. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना ती २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. पण तिच्या गळ्यात संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची तीन पदकं होती आणि आपल्या आयआयटीचं दार बारावीअभावी तिला बंदच होतं. तिच्या भरवशावर कुणी बेत आखू नये.

पटावर नाव मात्र घालू नका.

निवृत्त मास्तर, बीड

ताई, चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली. तुमच्या गुरुजींनी ती वजाबाकी पेन्सिलने गोल केली, हे वाचून बरं वाटलं. माणूस मास्तर आहे.

नाव घालू नका, हे माझंही म्हणणं. खोट्या नावाची हजेरी लागली की पोषण आहाराचा रोज शंभर ग्रॅम तांदूळ त्या नावावर खर्ची पडतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यात पटपडताळणी झाली, तेव्हा सुमारे २० लाख मुलं पटावर होती आणि वर्गात नव्हती. त्या आठवड्यात आम्ही प्रामाणिक पट ठेवणारेसुद्धा मान खाली घालून फिरलो. तुमचे गुरुजी त्यात सापडायला नकोत.

पण बाबांनी मांडलेलं सगळंच मला पटलं नाही. ‘अधांतरी अवस्था सलते’ म्हणता, ती का आहे ते बघा. ४ जुलै २०१५ ला शाळाबाह्य मुलांसाठी एका दिवसाचं सर्वेक्षण झालं. मला बसस्थानकामागची पालं मिळाली होती. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावायची होती. एक नऊ-दहा वर्षांची पोर कडेवर भाऊ घेऊन उभी होती. शाई लावली तर बोट उन्हात धरून म्हणाली, “सर, आता मला घेतलं का शाळेत?” मी हो म्हणालो. आठव्या दिवशी गेलो तर पालं उठलेली होती. नुसत्या चुलीचे दगड होते. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कोयता निघाला की वर्ग निम्मा होतो. मग गाव सोडून जाणाऱ्या पोराला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड भरून द्या, कारखान्यावर फोन करा, पोराला तिथल्या शाळेत बसवलं का विचारा. हे सगळं कुणीतरी दारात जाऊन विचारतं म्हणूनच होतं.

फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्ती आणली आणि मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया. “आमचं मूल, आम्ही बघू” हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय, आणि दर वेळी ते वाक्य ऐकवणाऱ्याच्या मागे दाराच्या फटीत एक मुलगी उभी असायची. तुम्ही तशा नाही, हे मी मानतो. पण नियम तुम्हाला बघून करता येत नाही.

ओढ्याकाठी

सर, ती बोट उन्हात धरलेली मुलगी काल रात्रभर डोळ्यांसमोरून हलली नाही.

एक विचारते, राग मानू नका. माझा मुलगा शाळाबाह्य म्हणून मोजला गेला तर तो त्या मुलीच्याच यादीत बसतो. त्याच्यासाठी गुरुजी माझ्याकडे तीन फेऱ्या मारतील, त्या फेऱ्या वस्तीवरच्या मेंढपाळांच्या पोरांच्या वाट्याच्या. आणि पटावर घातला तर तो नसलेल्या जागी दिसतो. दोन्हीकडे खोटंच. मला नोंदीचा त्रास नाही, सर. खरी नोंद होईल असा एक रकाना हवाय. तो मागणं म्हणजे देखरेख टाळणं का?

निवृत्त मास्तर, बीड

नाही. रकाना मागा. लेखी मागा. मी सेवेत असतो तर तुमच्या अर्जावर शिफारस लिहिली असती.

सतरा नंबरी

मी इथे सहसा नुसतं वाचते. आज लिहावंसं वाटलं कारण या धाग्यात आईबाबा आहेत, सर आहेत, घरी शिकलेलं कुणीच बोललेलं नाही.

मी मिरजेची, बावीस वर्षांची. पाचवी झाल्यावर बाबांनी शाळेतून काढलं. ते छान शिकवायचे. दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती, हे आधी सांगते. कृष्णेच्या घाटावर जाऊन पाण्याची पातळी मोजायचो, दर रविवारी एका वाद्य बनवणाऱ्या आजोबांकडे जाऊन बसायचो, भोपळा कसा निवडतात ते बघायचो. मग बाबांचा धंदा बसला आणि आईला मोठं आजारपण आलं. त्यानंतर दीड वर्ष मला कुणी काहीही शिकवलं नाही. मी चार माणसांचा स्वयंपाक करत होते. कुणाचीच चूक म्हणून सांगत नाही, घरावर वेळच तशी आली होती. पण त्या दीड वर्षात एकही माणूस दारात आला नाही, की बाळ तू सध्या काय वाचतेस. नातेवाईक म्हणायचे, ही घरीच शिकते ना, हुशार आहे.

दहावी मी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दिली. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. माझ्याकडे पाचवीचा होता म्हणून निभावलं. ओढ्याकाठी ताई, तुमच्या मुलाचा दाखला लॅमिनेट करू नका, पण जिवापाड जपा. संपर्क केंद्राच्या शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, इतकी वर्षं कुठं होतीस? मला उत्तर देता आलं नाही आणि मी रडले.

मला विचाराल तर वर्षातून दोनदा कुणीतरी यावं. फॉर्म भरायला नको, मुलाशी बोलायला यावं. आणि आईबाबा शेजारी नसताना बोलावं. हे शेवटचं आईबाबांना आवडत नाही, मला माहीत आहे. आई खाटेवर असताना तिच्यासमोर मी कुणालाही सांगितलं नसतं की मला शिकायचंय.

पेठेतला बाबा

मूल एकटं अनोळखी माणसापुढे बसवायला मी आजवर ठाम विरोध करत आलोय. मुली लहान असताना एका गृहस्थांनी धाकटीला आमच्यादेखत पाढे विचारून रडवलं होतं, तेव्हापासून. तुझं वाचून आज मोठीला विचारलं. ती म्हणाली, “बाबा, मला कुणी विचारलं असतं तर आवडलं असतं.” एवढंच सांगतो, अजून विचार करतोय.

ओढ्याकाठी

काय झालं ते सांगते.

शनिवार-रविवार दोन्ही रात्री घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, एकदा पायंडा पडला की पुढचा माणूस गुरुजींसारखा असेल कशावरून. त्याची भीती खोटी नाही. सतरा नंबरीचं सगळं मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो उठून अंगणात गेला, बऱ्याच वेळाने आला आणि म्हणाला, लिही, पण आपल्याला विचारून यावं असं लिही.

सोमवारी पत्र दिलं. पटावर नाव घालणार नाही असं लिहिलं. मुलगा घरी शिकतो, तशी नोंद व्हावी, त्यासाठी नमुन्यात वेगळा रकाना असावा, ही मागणी वरिष्ठांकडे पाठवावी. वर्षातून दोनदा, आधी कळवून, गुरुजींनी यावं आणि मुलाशी अंगणात एकट्याने बोलावं, आम्ही आत थांबू. आणि आमच्यापैकी कुणाला शिकवणं जमेनासं झालं तर आम्ही स्वतः शाळेत येऊ. हे शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला होता, पण ते सतरा नंबरीसाठी लिहिलं.

केंद्रप्रमुखांनी दोनदा वाचलं. असा अर्ज पहिलाच आला म्हणाले. शिक्का मारून आवक क्रमांक दिला. गुरुजींनी सर्वेक्षणाच्या कागदावर कारणाचा रकाना मोकळा ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं, ‘पालक घरी शिकवितात. वही पाहिली.’

पट एकोणीसच राहिला. ते सांगताना गुरुजी माझ्याकडे बघत नव्हते, आणि ते मला लागलं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत शाळा गावातच राहावी असा ठराव मी मांडणार आहे, सासऱ्यांनी अनुमोदन द्यायचं कबूल केलंय. वस्तीवर मेंढपाळांची तीन मुलं आहेत, गुरुजी गुरुवारी तिकडे जाणार होते. मी दुचाकीवरून सोडते म्हटलं, वाट चढाची आहे आणि त्यांचे गुडघे दुखतात.

पत्राचा मसुदा कुणाला हवा असेल तर उद्या इथेच टाकते. दाखल्याच्या दोन झेरॉक्स न्या, एक पोचेच्या प्रतीला जोडायला मागतात.